चार मजले

तळाला लग्नपत्रिकांचा छापखाना,
चौथ्या मजल्यावर पेडणेकर मास्तर.
मधला जिना लाकडी, एका पायरीचा खिळा वर आलेला.
खेतवाडीत मी बँकेतून थेट पोचायचे, सव्वासहाला.

तिरकिटाशी अडायचं.
रस्त्यातला खड्डा रोजचा, ओळखीचा,
तरी चाक नेमकं त्यातच जावं, तसं.
मग मी पुन्हा पहिल्यापासून, जोरात, रागाने,
पन्नासदा, शंभरदा.
मास्तर सुपारी कातरत म्हणाले,
"शंभरदा चुकलीस. आता चूक पाठ झाली.
झोपेतून उठवलं तरी बिनचूक चुकशील."

आणि पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी
तसा कायदा काढून घेतला माझ्याकडून.
चार अक्षरं ठेवली फक्त,
इतकी सावकाश
की दोन अक्षरांच्या मधे
खाली एक अख्खं लग्न छापून व्हायचं.
सात दिवस तेवढंच.
अनामिका कुठे जड पडते, मनगट केव्हा आखडतं,
पुढचं अक्षर येण्याआधीच
मी त्याला घाबरून श्वास कसा धरते,
हे सगळं त्या संथपणात दिसायला लागलं,
ओहोटीला खडक दिसावेत तसं.

आठव्या दिवशी जिन्याशी छापखान्यातला सुदाम,
हाताला गणपतीच्या सोंडेची लाल शाई.
"ताई, आज अडला नाहीत."
मला वाटत होतं, कोणी ऐकत नाही.
हा माणूस आठवडाभर
माझ्या खड्ड्याशी उभा होता.

पण खोलीतलं निराळं.
मार्चमध्ये कार्यक्रम, पार्ल्याला, वीस मिनिटं एकटीने;
नुसत्या विचाराने तळवे गार,
पावडरीचा चिखल.
"मास्तर, भीती घालवायची कशी?"
"घालवून धाडणार कुठे? पागडीची भाडेकरू ती,
जन्मात जागा सोडायची नाही.
निदान भाडं तरी वसूल कर."

मग म्हणाले, "खाली जा. अगदी तळापर्यंत.
आता पळत वर ये, आणि बसलीस की लगेच वाजव."

पहिल्या दिवशी छाती एका लयीत, हात दुसऱ्या,
छापखाना तिसऱ्याच.
मास्तर हसलेसुद्धा नाहीत. "पुन्हा."
फेब्रुवारी सरेपर्यंत चार मजले, रोज तीनदा,
खिळ्याची पायरी चुकवत.
छाती धडधडायची, तिला धडधडू दिलं.
हात आपले समेकडे चालत राहिले,
जत्रेत चुकलेल्या शहाण्या पोरासारखे,
न रडता, रस्ता विचारत.

पार्ल्याला पडद्याआड निरंजनने लेहरा धरला
आणि काळीज उडी मारून घशाशी आलं.
मी ओळखलं त्याला.
अगं, हा तर जिना!
नाकात शाईचा वास.
चढून झालंय, आता बसायचं, वाजवायचं.

तिरकिट गेलं. कसं गेलं ते पाहायला थांबले नाही.
चुकले भलतीकडेच.
एक साधी तिहाई, जिची कधी काळजीच केली नव्हती,
मात्राभर आधी संपली
आणि समेच्या अलीकडे मोकळं मैदान.
मी तिथे डग्गा घुमवला, मनगटाने दाबत, सावकाश,
जणू तो तिथे यायचाच होता,
आणि निरंजनबरोबर समेवर उतरले.
टाळ्या.
तिसऱ्या रांगेत मास्तरांचं मात्रा मोजणारं बोट
मांडीवरून उचललेलं राहिलं थोडा वेळ,
मग टेकलं.

त्यावर ते काही बोलले नाहीत,
वड्याची चटणी तिखट आहे, एवढंच.

सोमवारी सव्वासहा. सुदामने विचारलं,
"कसा झाला?"
"बरा. एका ठिकाणी खड्डा लागला."
"कुठे?"
त्याच्या ओल्या पत्रिकांच्या शेजारी
कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता.
त्यावर बोटं ठेवली
आणि त्याला दाखवला,
एकेक अक्षर,
अगदी सावकाश.